साडेचार पटीचा हिशेब

१० जून २०२५ ला महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने मद्यावरचं उत्पादन शुल्क वाढवलं. त्या संध्याकाळी मालकांचा फोन आला, “अहो, आपली क्वार्टर आता कितीला बसेल?” क्वार्टर म्हणजे १८० मिलीची बाटली.

मी एका लहान बॉटलिंग युनिटचा हिशेब बघतो. आमचं भारतीय बनावटीचं विदेशी मद्य, म्हणजे इथेच बनणारी व्हिस्की-रम वगैरे, तेही स्वस्तातलं. जाहीर उत्पादन खर्च बल्क लिटरला (म्हणजे तयार मद्याच्या साध्या लिटरला) २६० रुपयांपर्यंत असेल तर आधी खर्चाच्या तिप्पट शुल्क होतं, ते साडेचार पट झालं. समजा खर्च २०० रुपये. म्हणजे १८० मिलीत माल ३६ रुपयांचा. त्यावर १०८ रुपये शुल्क होतं, ते १६२ झालं. विक्रीकर आणि दुकानदाराचं कमिशन वेगळं.

या पटीने उद्योगाचं काय होतं ते हिशेबाला बसल्यावरच कळतं. चांगलं बूच लावायला लिटरमागे एक रुपया जास्त घातला, की त्यावर साडेचार रुपये शुल्क चढतं. म्हणून पुढे तीन आठवडे मी आणि खरेदीवाले काका खर्च कापत बसलो. खोकी पातळ केली, लेबलावरची सोनेरी छपाई काढली. स्पिरिटला मात्र हात लावू दिला नाही. त्यावरून मालकांशी भांडलो. मग नव्या दराचे कागद, नवी लेबलं. एकदा अर्ज परत आला, माझ्याच तक्त्यात आकडा चुकला होता.

१४ जुलैला राज्यभरातल्या परमिट रूमवाल्यांनी या वाढीविरुद्ध बंद पाळला. आमची एकही गाडी निघाली नाही.

आमच्यासारख्या विदेशी मद्याच्या क्वार्टरची किमान किंमत २०५ रुपये ठरली, देशीची ८०. मधे १४८ ची नवी पायरी: धान्यापासून, राज्यातल्याच उत्पादकांनी बनवायची ‘महाराष्ट्र मेड लिकर’. सरकारचा अंदाज १४ हजार कोटींच्या जादा महसुलाचा. आमच्या वितरकाने मात्र मागणी निम्म्यावर आणली. पिणारे पिणं सोडून गेले असते तर मला वाईट वाटलं नसतं. दारूपायी मामाचं घर बसलेलं मी पाहिलंय. पण वितरक सांगत होता, गिऱ्हाईक देशीकडे वळतंय.

दुसरी पाळी बंद झाली. लेबल लावणाऱ्या सहा जणींना ते सांगायचं काम माझ्याकडे आलं. आता त्या नव्या ‘महाराष्ट्र मेड’ वर्गातला माल काढता येईल का, त्याचे कागद जमवतोय. दोघी परवा येऊन नंबर देऊन गेल्या, लाइन सुरू झाली की कळवा म्हणाल्या.