आर्चीचं कास्टिंग, माझ्या मते

लोक रिकाम्या वेळात आपली क्रिकेटची ड्रीम टीम काढतात, मी आर्ची कॉमिक्सचं, म्हणजे त्या शाळकरी पोरांच्या अमेरिकन विनोदी चित्रकथांचं, कास्टिंग करत बसते. आता हे सगळं करून झालंय, माहितीये मला. अमेरिकेत २०१७ला रिव्हरडेल सिरीयल आली, आपल्याकडे झोया अख्तरने २०२३ला नेटफ्लिक्ससाठी द आर्चीज केला, १९६४ सालचं अँग्लो-इंडियन हिल स्टेशन, गाणीबिणी सगळं. पण समाधान काही झालं नाही बुवा. त्या सिरीयलमध्ये तर सुरुवातच खुनाने, आणि मिस ग्रंडी, म्हणजे कॉमिक्समधली पांढऱ्या केसांची खडूस म्हातारी बाई, ती इथे चक्क तरुण आणि तिचं लफडं कोणाशी तर आर्चीशी! कॉमेडी राहिली बाजूलाच.

आर्ची वरवर सोपा वाटतो. लाल केस, कानाच्या वर ते फुल्याफुल्यांचं जाळं. केस काय, रिव्हरडेलमधला आर्ची, केजे आपा, त्याने रंगवलेच की. पण आर्ची मुळात बावळट आहे हो, आणि हल्ली हीरो म्हटलं की आधी सिक्स पॅक. मला शर्ट काढला की बरगड्या मोजता येतील असा पोरगा पाहिजे, दोन-दोन पोरी ह्याच्यात काय बघतात हे प्रेक्षकाला शेवटपर्यंत कळताच कामा नये.

आणि त्या दोन पोरी, खरी गंमत तिथे आहे. डॅन डीकार्लोने काढलेल्या बेटी आणि व्हेरोनिका कधी नीट बघा, चेहरा सेम टू सेम, फक्त एकीचा सोनेरी पोनीटेल आणि दुसरीचे काळेभोर मोकळे केस. म्हणून माझं म्हणणं आहे की एकाच मुलीला डबल रोल द्या, फक्त विग बदला, आणि अख्ख्या पिक्चरमध्ये ह्या दोघी सारख्या दिसतात हे कोणाच्याही लक्षात येऊ देऊ नका. १९४२ला व्हेरोनिका आली तेव्हापासून त्या गाढवाला ठरवता येत नाहीये, ते उगाच नाही.

आर्चीचा दोस्त जगहेड सगळ्यात अवघड. रिव्हरडेलमध्ये कोल स्प्राउसला त्यांनी गंभीर लेखक करून टाकला, सारखा आपला विचारात. अरे तो जगहेड आहे, अर्धे डोळे मिटून बर्गर खातो आणि आजूबाजूला जग बुडालं तरी दुसरा बर्गर मागवतो! काहीही न करता हसवणारा नट लागतो त्याला, आणि तसला सोळाव्या वर्षी मिळणं म्हणजे नशीबच.

हो, सोळाच. पंचविशीतल्या बाप्यांना दप्तरं अडकवून वर्गात बसवायचं नाही. रिव्हरडेलमध्ये आर्चीचा बाप झालेला ल्यूक पेरी १९९०च्या बेव्हर्ली हिल्स ९०२१० ह्या सिरीयलमध्ये शाळकरी पोरगा होता, तेव्हा तो जवळपास चोवीस वर्षांचा! मला पिंपल्स पाहिजेत, फुटलेला आवाज पाहिजे, मग शूटिंग संपेपर्यंत हीरो चार इंच वाढला तरी चालेल, पँट आखूड दिसू दे, तोही विनोदच.

मोठ्यांमध्ये वेदरबी सरांचं काम फक्त जॅक ब्लॅकला. २००३च्या स्कूल ऑफ रॉकमध्ये ह्यानेच पोरांना अभ्यास सोडून गिटारी वाजवायला लावल्या होत्या, आता बस म्हणावं प्रिन्सिपॉलच्या खुर्चीत आणि भोग. टक्कल करावं लागेल, दाढीही जाईल, पण बसतो तो फिट. आर्चीचा आगाऊ प्रतिस्पर्धी रेजी, त्याचं मात्र अजून ठरत नाहीये, एक सोडून सगळे जरा जास्तच गुणी दिसतात आणि तो एक आधीच माझा जगहेड आहे.