तलावात कोण जातं?

माझ्या आयुष्यातला एकमेव वॉटर स्पोर्ट म्हणजे कूलर भरणे. मे महिन्यात रात्री साडेअकराला पाइपाचं एक टोक नळाला अडकवायचं, दुसरं टाकीत सोडायचं, 'दोन मिनिटात बंद करते' म्हणत मोबाईल बघत बसायचं, आणि मग हॉलमध्ये जो काही जलाशय तयार होतो त्यात मी एकटी पोछा घेऊन उतरते. याच्या पलीकडे पाण्यात उतरायचा माझा अनुभव शून्य. पोहता येत नाही. शिकायचं म्हणून दोनदा क्लासची चौकशी केली, दोन्ही वेळेला बॅच सकाळी सहाची निघाली, विषय संपला.

गंमत म्हणजे आम्ही राहतो तलावांच्या गावात. अंबाझरी, फुटाळा, सोनेगाव, गोरेवाडा, गांधीसागर, सक्करदरा, एका हाताची बोटं पुरत नाहीत. पण नागपूरकराचा तलावाशी संबंध काय, तर काठ. संध्याकाळी फुटाळ्याला जायचं, गाडी तोंड पाण्याकडे करून लावायची, भुट्टा घ्यायचा, निंबू-तिखट जरा जास्त लावायला सांगायचं, आणि भुट्टा संपला की चला घरी. पाणी तिथे असतं फक्त, घरात कोणी बघत नसताना टीव्ही चालू असतो ना, तसं. आमच्याकडून तलावात जायचे ते फक्त गणपती, आता तेही महापालिकेच्या कृत्रिम टाक्यांत जातात. उलटा प्रकार एकदा झाला, २०२३ च्या सप्टेंबरात एका रात्रीच्या पावसात अंबाझरी ओव्हरफ्लो झाला, नाग नदी फुगली आणि तलावच लोकांच्या घरात आला. माझ्या मावसबहिणीकडे खालच्या मजल्यावर फ्रिज आडवा तरंगत होता. ती ते सांगताना अजून हसत नाही, म्हणून मीही पुढे काही म्हणत नाही.

तर डिसेंबरात नणंदबाई पुण्याहून आल्या, सोबत त्यांची लेक, आणि येतानाच बुकिंग करून आल्या. साकोलीच्या पुढे जंगलात, तलावाला लागून लाकडाची कॉटेजेस, दोन रात्री. फोटो दाखवले, छानच होते. नवऱ्याने फोटो पाहिले आणि म्हणाला, "जंगलात जायचं तर वाघ पाहाले जायचं न, तलावात कोण जातं?" आता नागपूरच्या माणसाला जंगल म्हणजे जिप्सी, गेट, परमिट आणि 'काल इथंच दिसला होता' एवढंच माहीत, त्यामुळे त्याचा प्रश्न मला अगदी रास्त वाटला. पण पैसे भरून झाले होते, परत मिळणार नव्हते, आणि या एका कारणावर आमचं घर कुठेही जाऊ शकतं.

तर्री-पोहे खाऊन निघालो, भंडारा, लाखनी, साकोली, मग डांबर अरुंद होत गेलं आणि दोन्ही बाजूंनी धानाच्या कापलेल्या बांध्या, मधेच पाणी, पुन्हा बांध्या, पुन्हा पाणी. भंडारा-गोंदियाकडे हे असंच आहे, दर थोड्या अंतरावर तलाव. भाचीने मोबाईलवर वाचून विचारलं, "मामी, इथे सगळीकडे 'मामा तलाव' लिहिलंय, कोणाच्या मामाचा?" कोणाच्याच नाही. माजी मालगुजारी, त्या दोन शब्दांची पहिली अक्षरं. तलाव मालगुजारांकडे, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांकडे होते, १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि नावामागे 'माजी' लागलं ते लागलंच. माणूस माजी झाला तर चार दिवसांत लोक विसरतात, तलाव सत्तर वर्षं माजी आहेत आणि अजून धानाला पाणी देऊन राह्यले.

कॉटेज बरी होती. दाराची कडी लागत नव्हती, बाथरूममध्ये एक पाल आमच्या आधीपासून राहत होती, पण व्हरांड्यात बसलं की समोर थेट पाणी. ऑफिसच्या भिंतीवर फळा, त्यावर खडूने अॅक्टिव्हिटीज: नेचर ट्रेल, सायकल, बर्ड वॉचिंग, कयाकिंग, रात्री शेकोटी. सगळ्यांच्या पुढे टायमिंग. शाळेच्या टाइमटेबलसारखं, फक्त पी.टी.चा तास जास्त.

नेचर ट्रेलबद्दल फार सांगण्यासारखं नाही, थंडीत कुडकुडत चाललो. एवढं लक्षात राहिलं की ऐनाच्या झाडाची साल मगरीच्या पाठीसारखी असते, एकदा कोणी दाखवली की पुढचं प्रत्येक ऐन ओळखू येतं आणि आपण उगाच तज्ज्ञ असल्यासारखे बोट दाखवत सुटतो. सायकलींचं मी विचारूच नका म्हणते, सीट.

खरा खेळ सुरू झाला तो फळ्यावर नव्हता. दुपारी जेवणं झाल्यावर नवरा पाण्याच्या कडेला उभा होता, खाली वाकला, एक चपटा दगड उचलला, अंगठ्याने पुसला आणि तिरका भिरकावला. टप, टप, टप, टप, आणि गडप. भाकऱ्या! चार पडल्या. भाची धावत आली, मला शिकवा मामा. मग पुढचा दीड तास हा माणूस, ज्याला ऑफिसातून आल्यावर पाण्याचा ग्लाससुद्धा हातात लागतो, तो वाकून वाकून दगड वेचत होता. सोनेगाव तलावावर लहानपणी शिकला म्हणे, शाळा बुडवून, आणि लग्नाला एकोणीस वर्षं झाली तरी हे मला माहीत नव्हतं. भाचीने लगेच मोबाईल काढला. दगड आणि पाण्याचा पृष्ठभाग यांच्यामध्ये साधारण वीस अंशांचा कोन ठेवला तर उत्तम, असं फ्रान्सच्या शास्त्रज्ञांनी २००४ मध्ये प्रयोग करून दाखवलंय, दगडाला गिरकी हवीच, नाहीतर तो पहिल्याच टप्प्याला कलंडतो. आणि जागतिक विक्रम ८८ भाकऱ्यांचा, कर्ट स्टायनर नावाच्या अमेरिकन माणसाचा, २०१३ चा. नवरा ऐकून घेत म्हणाला, "त्याच्या तलावाले लाटा नसतील." याच्या सात पडल्या असं तो सांगतो, मी मोजल्या त्या पाच. रात्री कोपराला बाम चोळावा लागला ही वेगळी गोष्ट.

पण मी तेव्हा मनात म्हटलं की बघा, शेवटी हा खेळपण काठावरचाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी कयाक. नणंदबाईंनी माझं नाव आधीच देऊन ठेवलेलं. मी नाही म्हटलं, पोहता येत नाही म्हटलं, तर तिथला पोरगा, गावातलाच, ढिवर म्हणजे मासेमारांच्या घरचा, असेल वीस-बावीसचा, म्हणाला, "जॅकेट हाये न काकू, आन मी मागं बसतो. तुमी फक्त उभ्या होऊ नका." एवढी एकच अट आयुष्यात मला कोणी घातली नव्हती. नवरा काठावर खुर्ची टाकून बसला, "तू जाय, मी पाहून राह्यलो न इथून."

बसताना ते जे हलतं! पोटातून एक आवाज निघाला तो बाहेर आला की आतच राहिला आठवत नाही. चप्पू हातात, दोन्हीकडे पातं, एकदा उजवीकडे एकदा डावीकडे, आणि उजवीकडे वळायचं तर चप्पू डावीकडे मारायचा, जे मेंदूला पटतच नाही, त्यामुळे पहिली दहा मिनिटं आम्ही बेशरमाच्या झुडपांकडे ओढल्यासारखे जात होतो. (बेशरम म्हणजे ती जांभळट फुलांची, तोडली तरी उगवणारी, तलावाची कड गिळणारी. नाव ज्याने ठेवलं त्याला सलाम.) मग जमलं. मग एकदम शांत झालं. चप्पू वर उचलला की त्यावरून थेंब पडतात, तेवढाच आवाज. पुढे काळ्या पक्ष्यांचा थवा, कपाळावर पांढरा टिळा, याला मराठीत वारकरी म्हणतात आणि ज्याने हे नाव ठेवलं त्यालाही सलाम. आम्ही जवळ गेलो तर ते उडाले नाहीत, पाण्यावरून धावतच सुटले, अक्षरशः पाय आपटत, पंढरपूरची बस सुटल्यासारखे.

आणि मग एका बाजूला पाण्यावर हिरवा गालिचा. काठावरून कालच पाहिला होता, म्हटलं काहीतरी गवत असेल. पोरगा म्हणाला, "शिंगाडा हाये." मी म्हटलं कुठे? तो पुढे वाकला, एक रोप देठाला धरून अलगद उलटं केलं. वरून पानांचं चक्र, एकात एक बसवलेली तिकोनी, कडा कातरलेल्या, आणि प्रत्येक देठ मधेच फुगलेला, दाबला तर आत हवा, त्यावरच तर ते तरंगतं. आणि खाली, पाण्यात, पानांच्या पोटाशी लोंबत होते शिंगाडे, हिरवे-लालसर, दोन बाजूंना दोन शिंगं, ओले. मी चाळीस वर्षं उपासाला शिंगाड्याचं पीठ खाते. सीताबर्डीला हातगाडीवरचे काळे उकडलेले शिंगाडे सोलून खाताना नखं काळी करून घेतली. पण तो पाण्याखाली लागतो, पानाच्या आडोशाला, हे मला सांगायला कयाकमध्ये बसवावं लागलं. पोराने एक सोलून दिला. कच्चा, गार, किंचित गोड, नारळाच्या कोवळ्या खोबऱ्यासारखा करकरीत. काटा बोटाला लागला त्याची खूण चार दिवस होती.

तिथून मी मागे वळून पाहिलं. काठ दिसला. म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा मला काठ दिसला, नेहमी मी त्याच्यावरच असते. पाळ लांबच लांब, तिच्यावर झाडं, कॉटेजची लाल कौलं, आणि खुर्चीत एक ठिपका, हात हलवणारा. मीही हलवला. नंतर कळलं तो चहा आला म्हणून बोलावत होता.

परत आल्यावर तो काही हरला नाही. दुपारी आम्ही नवेगावबांधला गेलो, जवळच होतं. सुमारे अकरा चौरस किलोमीटरचं पाणी, भोवती डोंगर, त्यातल्या सुळक्यांना लोक सात बहिणी म्हणतात. हा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी नावाच्या माणसाने बांधला, आणि लोकांनी त्याचा पुढे देव केला, कोलासूर, तलावाजवळ त्याचं ठाणं आहे. इंजिनिअरचा देव झाल्याचं मी दुसरीकडे ऐकलं नाही, आपल्याकडे कॉन्ट्रॅक्टरचा होतो फार तर. तर त्या पाळीवर उभं राहून नवरा म्हणाला, "आता सांग, ह्या माणसानं काय बांधलं? तलाव नाही बांधला, काठ बांधला. पाणी आपोआप आलं. म्हणजे तलाव म्हणजे काठच न? मग आपण काठावर बसतो ते चुकलं कुठं?" नणंदबाईंकडे याचं उत्तर नव्हतं, माझ्याकडे होतं पण शिंगाडा सोबत आणला नव्हता.

मागच्या रविवारी फुटाळ्याला गेलो. गाडी लावली, तोंड पाण्याकडे, दोन भुट्टे. तो खाता खाता थांबला, कठड्याशी गेला, खाली बराच वेळ पाहिलं, आणि भुट्टेवाल्याला विचारलं, "भाऊ, इथं खोल किती असंल?"

भुट्टेवाला निखाऱ्यावर पंखा मारत होता. मान वर न करता म्हणाला, "कायले? उतरता का?"