अकॉर्डियनवर पोल्का (दोन ठोक्यांचा वेगवान नाच), डावा हात: 'जी' कुठे पळत होता ते सापडलं

वेग वाढला की डाव्या हाताचा 'जी' चुकतो, त्याचं सगळं खापर मागच्या नोंदीत दुसऱ्या बोटावर फोडलं होतं. ते मागे घेतो. 'सी' मेजरचा ठेका नेहमीचाच, ४-३-२-३: (अंगठा पहिला धरून) चौथं बोट खळगी असलेल्या 'सी'च्या बेसवर, म्हणजे एकच खर्जातला सूर देणाऱ्या बटणावर, तिसरं कॉर्डवर, म्हणजे अनेक सूर एकदम वाजवणाऱ्या बटणावर, दुसरं वरच्या 'जी' बेसवर, पुन्हा तिसरं कॉर्डवर. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ७२ ला असताना सगळं स्वच्छ. ९६ च्या पुढे गेलं की 'जी' बेसऐवजी 'जी' मेजरचा अख्खा कॉर्ड भसकन वाजतो.

भात्याची दिशा बदलत तोच ठेका आठ-आठ मात्रा वाजवल्यावर भानगड उघडी पडली: चुका भाता उघडतानाच होतात. मिटताना तळवा पेटीला टेकलेला असतो. उघडताना सगळा ओढा डावा हात अडकवायच्या पट्ट्यावर येतो. पट्टा सैल असला की आधी हात मागे सरकतो आणि मग भाता हलतो. तेवढ्यात बोट आखूड पडतं आणि बेसची रांग सोडून अलीकडच्या मेजरच्या रांगेवर उतरतं. हार्मोनियमवरून आलेल्यांना हे चटकन उमगत नाही, कारण तिथे डाव्या हाताला भात्यापलीकडे काम नसतं.

उपाय म्हणजे बेसच्या बाजूला वर असलेलं, पट्टा घट्ट-सैल करायचं चाक. भाता उघडताना तळव्यामागे फट राहू नये, पण मनगट वरखाली सरकलं पाहिजे, नाहीतर 'एफ'ला जाताना हात अडकतो. जुनं वाद्य घेताना लोक एकेक सूर कान देऊन तपासतात, हे चाक मात्र कोणी फिरवून बघत नाही. ताणून सैल पडलेला पट्टा सरळ बदलावा. जादा भोकं पाडून भागवणं म्हणजे दुखणं पुढे ढकलणं.

आता १०८ बिनचूक! कॉर्डही आखूड झाला. तव्याला बोट लागावं तसा तो सुटायला हवा; लांबला तर हवा खातो आणि नाचणाऱ्याची उडी जड करतो.

पुढे आणखी चारने वाढवून ११२ ला पोचायचं ठरलं होतं. पण हे लिहिताना सुचलं, वेग तोच ठेवून मेट्रोनोमचा टोला बेसऐवजी कॉर्डवर धरून पाहावा. घाई कुठे होते ते लगेच कळेल. 'जी' सेव्हन्थ या दुसऱ्या कॉर्डचा ४-२-३-२ ठेका त्यानंतर. म्हणजे 'बीअर बॅरल' म्हणून जगभर गेलेला चेक संगीतकार वेय्वोदांचा १९२७ चा पोल्का वाजवणं आणखी लांबलं.