व्हिस्की आणि मेपल सिरपचा शॉट : नऊ महिन्यांच्या प्रयोगांची नोंद

संत्र्याच्या सालीचे टिंक्चर, म्हणजे दारूत मुरवलेला अर्क, एकदाचे जमल्यावर मी मुद्दाम असा एक प्रकार हाती घेतला, ज्यात दोनच जिन्नस आहेत आणि ज्यात शिकण्यासारखे काही नसावे असे कोणालाही वाटेल. व्हिस्कीत मेपल सिरप घालायचे, ढवळायचे आणि एका घोटात संपवायचे, एवढीच त्याची कृती आहे. नोव्हेंबरात, संत्र्याच्या आंबिया बहराच्या तोडणीच्या धांदलीत, मी पहिला शॉट केला. आता ऑगस्ट आहे आणि वहीत अकरा प्रयत्नांची नोंद झाली आहे. आमचे गाव अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी तालुक्यात आहे. धरणाचे पाणी ओलांडले की आष्टी तालुका, म्हणजे दारूबंदीचा वर्धा जिल्हा लागतो. त्यामुळे तिकडच्या पाहुण्यांना चव पाहायची असली तर त्यांनाच इकडे यावे लागते. बाटली तिकडे जात नाही. पिण्याचा परवाना मी पाकिटात ठेवतो आणि चव पाहणारा पंचविशीच्या पुढचा असेल याचीही काळजी घेतो.

पहिले तीन प्रयत्न वाया गेले, आणि त्यात दोष व्हिस्कीचा नव्हता. अमरावतीच्या एका दुकानातून आणलेल्या बाटलीवर मेपलचे लाल पान मोठ्या थाटात छापलेले होते. घरी आल्यावर चष्मा लावून मागचा बारीक मजकूर वाचला, तेव्हा ते मक्याच्या ग्लुकोजचे पाणी, रंग आणि स्वाद असल्याचे कळले. खरे मेपल सिरप म्हणजे मेपल झाडाचा आटवलेला रस, दुसरे काहीही नाही. रात्री गोठवणारी थंडी आणि दिवसा थोडी ऊब, अशा हिवाळ्याच्या अखेरच्या काही आठवड्यांतच तो रस झाडातून पाझरतो, आणि जगातले बहुतांश सिरप कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात तयार होते. गुऱ्हाळ पाहिलेल्या माणसाला त्यातले कष्ट लगेच समजतील. आपल्या उसाच्या रसात साखर साधारण १५ टक्के किंवा त्याहून जास्त असते, तर मेपलच्या रसात ती जेमतेम २ टक्के असते. तो आटवून ६६-६७ टक्क्यांवर आणायचा, म्हणजे एक लिटर सिरपसाठी सुमारे ४० लिटर रस लागतो. किमतीविषयीची माझी तक्रार हा हिशेब समजल्यावर संपली.

खरी बाटली चुलत बहिणीने नागपूरहून पाठवली. सिरपच्या प्रतवारीत फिकट सोनेरीपासून अगदी काळपटापर्यंत चार पायऱ्या असतात. फिकट सिरप पोळीला लावून खायला छान लागते, पण व्हिस्कीत ते बुडून जाते आणि नुसती गोडी मागे राहते; म्हणून शॉटसाठी गडद प्रतच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. बाटलीचे बूच काढले तेव्हा आई शेजारीच भाजी निवडत बसली होती. तिने मान वर न करता म्हटले, “याले मेथीच्या लाडवाचा वास येऊन रायला.” मी हसलो, पण चूक माझीच होती. मेथीदाण्याच्या वासामागे जे सोटोलोन नावाचे द्रव्य असते, तेच मेपलच्या वासातही असते, आणि नकली मेपल स्वाद तयार करताना मेथीचा अर्क वापरतात. तिने कुठे वाचले नव्हते, तिच्या नाकाला ते ठाऊक होते.

मोजमापाकडे मी सुरुवातीला दुर्लक्ष केले आणि त्याची किंमत मोजली. ३० मिलि व्हिस्कीला १५ मिलि सिरप घातल्यावर जे तयार झाले ते खोकल्याच्या औषधासारखे लागले, आणि योगायोग असा, की मी मापासाठी त्याच औषधाच्या बाटलीवरचे झाकण वापरत होतो. झाकणात मोजलेले सिरप पूर्ण कधीच पडत नाही, कडेला चिकटून राहते, त्यामुळे प्रत्येक वेळी चव बदलत होती. आता मी पेला सरळ छोट्या वजनकाट्यावर ठेवतो. सिरपचे १० मिलि म्हणजे साधारण १३ ग्रॅम होतात, हा आकडा लक्षात ठेवला की मापाची गरज उरत नाही. हाच जडपणा पेल्यातही त्रास देतो: व्हिस्की पाण्यापेक्षा हलकी आणि सिरप पाण्यापेक्षा बरेच जड असल्यामुळे, नुसते वरून ओतलेले सिरप तळाला जाऊन बसते, पहिल्या अर्ध्या घोटात घसा जळतो आणि नंतर जिभेवर पाक येतो. फ्रीझरमधली थंड व्हिस्की वापरली तर परिस्थिती आणखी बिघडते, कारण थंडीने सिरप घट्ट होऊन त्याच्या तारा चमच्याला गुंडाळतात. म्हणून आधी व्हिस्की आणि सिरप साध्या तापमानाला एकजीव करावे, पेला उजेडासमोर धरून तळाशी हलणाऱ्या रेघा दिसेनाशा झाल्याची खात्री करावी, आणि मगच थंड करण्याच्या मागे लागावे.

व्हिस्कीच्या निवडीत मी तीन प्रकार पाहिले. आपल्याकडच्या स्वस्त व्हिस्कीचा मोठा भाग मळीपासून काढलेल्या स्पिरिटचा असतो. तिच्यात सिरप घातले की गोडावर गोड चढते आणि तोंडात काही उरत नाही. धुराच्या वासाची स्कॉच मला स्वतःला आवडली, पण चव पाहणाऱ्या चौघांपैकी तिघांनी तोंड वाकडे केले, आणि एकाला शेतातली पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळकी झाडे, जाळल्याची आठवण झाली. बर्बन, म्हणजे अमेरिकेतली मक्याची व्हिस्की, मात्र पहिल्याच घोटात पटली. तिच्यात किमान ५१ टक्के मका असावा लागतो आणि ती आतून जाळलेल्या नव्या ओकच्या पिंपात मुरवावी लागते. त्या लाकडातून व्हॅनिलाचा जो सुवास उतरतो, तो रस आटवलेल्या सिरपातही थोडा असतो, त्यामुळे दोघांची ओळख करून द्यावी लागत नाही. रोजच्या प्रयोगांना बर्बन परवडत नाही, म्हणून धान्यापासून केलेली मध्यम किमतीची देशी व्हिस्की मी आता पायाला धरली आहे.

मे महिन्याने थंडपणाचा प्रश्न निकाली काढला. बाहेर ४५ अंश आणि स्वयंपाकघरात ३८ अंश असताना साध्या तापमानाचा शॉट नाकाजवळ नेताच अल्कोहोलची वाफ डोळ्यांत येते. तेव्हापासून झाकणाच्या स्टीलच्या डब्यात मोठे बर्फखडे टाकून, दहा-बारा सेकंद जोरात हलवून, चहाच्या गाळणीने गाळण्याची पद्धत मी ठरवली. ३० मिलि व्हिस्की आणि १० मिलि सिरप मिळून ४० मिलि होतात, आणि बर्फाचे पाणी मिसळून माझ्या डब्यात ते ५० मिलिपर्यंत जाते; म्हणजे ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीचा हा शॉट साधारण २५-२६ टक्क्यांवर उतरतो. गोडीमुळे मात्र तो याहून बराच सौम्य वाटतो, आणि त्यामुळेच मी माणशी दोन पेल्यांवर डबा धुऊन ठेवतो.

एवढे झाल्यावरही काहीतरी कमी पडत होते. लिंबाचे ३ मिलि घातल्यावर चव उठली, पण मेपल मागे सरकले. आमच्या संत्र्याचा रस तर इतका मवाळ, की त्याचा पत्ताच लागला नाही. शेवटी उत्तर सालीत मिळाले. नागपुरी संत्र्याची साल सैल असते. तिचा रुपयाएवढा तुकडा, फवारणीचा अंश जावा म्हणून आधी नीट धुऊन, पेल्यावर रंगाची बाजू खाली धरून दुमडला, की तेलाचा बारीक शिडकावा उडतो आणि पृष्ठभागावर इवले चकचकीत ठिपके तरंगताना दिसतात. त्याच्या जोडीला मिठाच्या पाण्याचे दोन थेंब घालतो. २० ग्रॅम मीठ ८० ग्रॅम पाण्यात विरघळवून ते औषधाच्या ड्रॉपरच्या बाटलीत भरून ठेवले आहे. खारट चव जाणवता कामा नये, फक्त गोडीची चिकट धार बोथट व्हायला हवी. सालीचा हंगाम नसला तर मी टिंक्चरचा एक थेंब वापरतो, पण तो दुय्यम पर्याय आहे.

आईच्या शेऱ्यावरून मेथीचाही प्रयोग केला. साखरेच्या १०० मिलि गरम पाकात किंचित भाजलेली ५ ग्रॅम मेथी दहा मिनिटे ठेवून गाळली, तर वास आश्चर्य वाटावे इतका जवळ आला; दुसऱ्या खेपेला ती पाकातच उकळली आणि सगळे कडूजहर झाले. वास जुळला तरी सिरपचा भारदस्तपणा त्यात नाही. काकवी अधिक रंगतदार लागली, पण पेला गढूळ दिसतो आणि चव उसाची येते. तो शॉट स्वतंत्र नावाने करावा, मेपलच्या नावाने नाही.

जुलैत फ्रीज बिघडला आणि उघडलेली बाटली दोन आठवडे ओट्यावर राहिली. माझ्या ओल्या झाकणाचे पाणीही तिच्यात गेले असावे, कारण पावसाळी दमट हवेत सिरपवर पांढुरकी बुरशी धरली आणि अर्धी बाटली फेकावी लागली. आता नवी बाटली मी फ्रीझरमध्येच ठेवतो. इतकी साखर असल्यामुळे सिरप घरगुती फ्रीझरमध्ये दगडासारखे गोठत नाही, फक्त मंद वाहते, आणि वापरण्याआधी अर्धा तास बाहेर काढले की पुरते. या बाटलीत आज ४० मिलि, म्हणजे चार शॉटपुरते सिरप उरले आहे. पण पोळ्याला त्यातले धिरड्यांवर हवे, असे आईने आधीच सांगून ठेवले असल्यामुळे बारावा प्रयत्न पुढच्या बाटलीवर गेला आहे.