इलेक्ट्रिक गिटारच्या आवाजात लाकडाचा वाटा किती?

इलेक्ट्रिक गिटार घेताना पहिली चर्चा होते ती लाकडाची. महोगनीचा आवाज भरदार आणि मेपलचा लख्ख असे इतक्या ठामपणे सांगितले जाते की, ॲम्प्लिफायरपर्यंत नेमके काय पोहोचते हा प्रश्न मागेच राहतो. माझ्या मते विचाराची सुरुवात तिथूनच व्हायला हवी.

अकूस्टिक गिटारमध्ये वरची पातळ फळी हवा हलवते, म्हणून तिथे लाकडाला सर्वाधिक महत्त्व आहे. इलेक्ट्रिक गिटारचे पिकअप, म्हणजे तारांखाली बसवलेले चुंबक आणि वेटोळे, मात्र तारेच्या कंपनाकडे लक्ष ठेवून असते. पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र बदलते आणि चुंबकाभोवती हजारो वेढे दिलेल्या बारीक तांब्याच्या तारेत विद्युत्दाब निर्माण होतो. लाकूड तारेच्या कंपनात जेवढा फरक पाडेल, तेवढाच त्याचा वाटा. 1930च्या दशकारंभी आलेली रिकनबॅकरची ‘फ्राइंग पॅन’ ही मांडीवर ठेवून वाजवायची हवाईयन गिटार तर ओतीव ॲल्युमिनियमची होती.

खरा मोठा फरक पडतो तो पिकअपच्या जागेने. फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारचे नेककडचे (लांब मानेकडचे) पिकअप ब्रिजपासून, म्हणजे तारा बॉडीवर टेकतात त्या पट्टीपासून, तारेच्या साधारण पाव लांबीवर असते. मोकळ्या तारेच्या चौथ्या हार्मोनिकचा, म्हणजे मूळ स्वराच्या चौपट कंपनसंख्येच्या स्वरांशाचा, स्थिर बिंदू तिथेच येत असल्यामुळे तो स्वरांश त्या पिकअपमधून जवळजवळ उमटत नाही. तार फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) दाबली की तिची लांबी बदलते, हे बिंदू सरकतात आणि गाळले जाणारे स्वरांशही बदलतात. म्हणूनच एकाच पिकअपवर वरच्या फ्रेटांचा पोत निराळा लागतो. ब्रिजजवळ मूळ स्वराची हालचाल लहान असते, त्यामुळे तिथे वरच्या स्वरांशांचे प्रमाण वाढते आणि आवाज धारदार होतो. हे सारे कोणत्याही लाकडावर तसेच घडते.

तारेची लांबीही महत्त्वाची आहे. फेंडरची नेहमीची लांबी 25.5 इंच, तर गिब्सन या दुसऱ्या कंपनीची साधारण 24.75 इंच. तीच तार त्याच सुरात लावली, तर फेंडरवर ताण सुमारे सहा टक्के अधिक येतो, आणि तो बोटांनाही जाणवतो.

त्यानंतर येते विद्युत्‌मंडल, ज्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. पिकअपचे वेटोळे आणि केबलची धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) मिळून साधारण 2 ते 5 हजार हर्ट्‌झच्या दरम्यान अनुनादाचा उंचवटा तयार होतो, म्हणजे तिथले स्वरांश अधिक उठून येतात. केबल लांब झाली की तो खाली सरकतो, आणि आवाजाचे बटण 500 ऐवजी 250 किलोओहमचे असेल तर तो दबतो. सेथ लव्हर यांनी गिब्सनसाठी 1950च्या दशकात घडवलेल्या हंबकर या दुहेरी पिकअपमध्ये उलटसुलट जोडलेली दोन वेटोळी विजेची गुणगुण परस्पर नाहीशी करतात. पण ती तारेवरच्या दोन जागा एकदम टिपत असल्यामुळे काही वरचे स्वरांश कमी होतात आणि आवाज गोलसर होतो.

फिंगरबोर्डसाठी, म्हणजे नेकवरच्या फ्रेट बसवलेल्या फळीसाठी, सह्याद्रीतही वाढणारे शिसव जगभर वापरले जाते. ते घट्ट, टिकाऊ आणि हाताला सुखद आहे, म्हणून मलाही प्रिय आहे. आवाजातला फरक मात्र त्याच्या नावावर मांडायला मी तयार नाही.

मग लाकूड निरर्थक आहे का? मुळीच नाही. त्याचा परिणाम बॉडीपेक्षा नेकमध्ये अधिक शोधावा. लांब, सडपातळ नेक स्वतःही कंप पावते. एखाद्या फ्रेटवरचा स्वर आणि नेकची स्वतःची कंपनसंख्या जुळली, तर तारेतली ऊर्जा नेक शोषून घेते आणि तेवढाच स्वर लवकर विझतो. एकाच कारखान्यातल्या, एकाच जातीच्या लाकडाच्या दोन गिटारींमध्येही स्वर विझण्याची ही जागा वेगळी असू शकते, कारण ती नेकच्या ताठरपणावर आणि वजनावर ठरते. दुकानात ॲम्प न जोडता प्रत्येक तारेचा प्रत्येक फ्रेट सारख्या जोराने छेडून पाहिला, तर असा स्वर कानाला सापडतो. हेडस्टॉकवर (नेकच्या टोकाला, जिथे तारा ताणण्याच्या खुंट्या असतात) छोटे वजन अडकवले की तो दुसऱ्या फ्रेटकडे सरकतो, आणि क्वचित दोन स्वरांच्या मधोमध, जिथे तो कुणाच्या वाटेत येत नाही, तिथेही नेऊन ठेवता येतो.