मर्फ्रीसबरोचं हिऱ्यांचं रान

अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात, मर्फ्रीसबरोजवळ साडेसदतीस एकरांचं एक नांगरलेलं रान आहे. तिकीट काढायचं, आत जाऊन उकरायचं आणि सापडलेला हिरा घरी न्यायचा. १९०६ साली जॉन हडलस्टन या शेतकऱ्याला इथे हिरे सापडले, १९२४ मध्ये ४०.२३ कॅरटचा ‘अंकल सॅम’ निघाला. १९७२ पासून हे ‘क्रेटर ऑफ डायमंड्स’ राज्य उद्यान आहे.

पायाखाली विझलेल्या ज्वालामुखीच्या नळीचं झिजलेलं तोंड. लॅम्प्रोइट या ज्वालामुखी खडकाने हिरे खोलातून वर आणले. खडक कुजून माती झाली, हिरे राहिले.

आम्ही पावसानंतरचं ऊन गाठलं, तुम्हीही तेच गाठा. जोरदार सरीने माती धुऊन जाते आणि खडे उघडे पडतात. चिखल हिऱ्याला फारसा चिकटत नाही, त्यामुळे तो स्वच्छ चमकतो. घळीत खडी साचते तिथे सावकाश फिरा.

कोरडे दिवस असतील तर पाण्यात चाळणं बरं. वरची चाळण सुमारे सहा मिलिमीटरची, खालची दीड मिलिमीटरची. माती आधी पाण्यात भिजवून ढेकळं बोटांनी पूर्ण फोडा; बहुतेकांचं इथेच चुकतं, कारण ढेकळात अडकलेला हिरा ढेकळासकट फेकला जातो. मग खालची चाळण अर्धीच भरा आणि पाण्यात सरळ वर-खाली हलवा, मधूनमधून थोडी फिरवा. नुसती गरगर फिरवली तर जड खडे मध्यावर जमत नाहीत. शेवटी झटक्यात सपाट जागी पालथी घाला: जड खडे आता मधोमध, वर दिसतात. हिऱ्याची घनता ३.५, गारगोटीची म्हणजे क्वार्ट्‌झची २.६५, म्हणून शोध तिथेच.

टोकदार, लखलखीत स्फटिकाच्या मागे लागू नका, तो बहुधा क्वार्ट्‌झ किंवा कॅल्साइट. इथला हिरा गोलसर, गुळगुळीत, तेलकट झाक असलेला. रंग पांढरा, तपकिरी किंवा पिवळा. आकार बहुतेक वेळा काडेपेटीच्या काडीच्या गुलाएवढा. त्यामुळे मोठ्या खड्यांवर वेळ घालवणं आम्हाला व्यर्थ वाटतं. जॅस्पर, अॅगेट, अॅमेथिस्ट हे रंगीत खडे मात्र आवर्जून वेचा, तेही देखणे असतात.

बॅटरीवर किंवा मोटरवर चालणारी अवजारं चालत नाहीत. फावडं, बादली, चाळण्या पुरतात. शंका आली की खडा उद्यानाच्या कर्मचाऱ्यांना दाखवा, ते फुकट ओळखून देतात.