डाव्या बाजूची बॅटरी

त्रिपुरारी पौर्णिमेच्या संध्याकाळी साखळीत गाडी घेऊन शिरू नये. बाजाराच्या बरंच अलीकडे कुठेतरी लावावी आणि चालत जावं. मला हे बजावून सांगणारे माझे भावोजी स्वतः मात्र दरवर्षी स्कूटर थेट विठ्ठलापूरच्या नदीकाठापर्यंत नेतात आणि कुणाच्या तरी कुंपणाला टेकवून ठेवतात. विचारलं तर म्हणतात, "आमकां चलता."

गोव्याला जाऊन आले म्हटलं की बेळगावात पहिला प्रश्न येतो, कुठल्या बीचवर? साखळीला समुद्र नाही. डिचोली तालुक्यातलं हे गाव, पाठीशी सत्तरीचे डोंगर आणि मधून वाहणारी वाळवंटी. पावसाळ्यात ही नदी बाजारपेठेत घुसते, दुकानदार माल माळ्यावर चढवत बसतात. दिवाळीपर्यंत तीच नदी इतकी निमूट होते की तिला पूर आला होता हे सांगूनही पटू नये. शेजारच्या कारापूरमध्ये विठ्ठलापूर, तिथे राण्यांचं विठ्ठल मंदिर. राणे म्हणजे १८५२ साली पोर्तुगिजांविरुद्ध उठलेल्या दीपाजी राण्यांचं घराणं. या मंदिरापाशी, नदीच्या काठी, कार्तिकी पौर्णिमेच्या रात्री बोटींचा उत्सव होतो.

बोटी म्हणजे वल्ह्यांच्या नव्हेत. यात कुणी बसत नाही, कुणी कुणाच्या पुढे जात नाही. घरी बनवलेली, दिव्यांनी सजवलेली जहाजं पाण्यात सोडायची, परीक्षक पाहणार, नंबर काढणार. एवढंच. एवढ्यासाठी अख्खं गाव पंधरा दिवस झोपत नाही.

माझ्या आत्येबहिणीचं सासर तिकडचं, म्हणून आमचं जाणं. चोर्ला घाटानं उतरलो. कणकुंबीपर्यंत गाडीत गप्पा चालू होत्या, पुढे खड्ड्यांनी कुणाला बोलू दिलं नाही. केरीला चहा घेतला तेव्हा आमचे हे पहिलं वाक्य बोलले, आणि ते रस्त्याबद्दल असल्यामुळे इथे लिहीत नाही.

ताईच्या घरी पोचलो तर पडवीत शिरता येईना. पडवीभर बोट. दोन डोलकाठ्यांचं गलबत, बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर रंग. खाली टेम्पोच्या चाकांच्या दोन ट्यूबा, सुतळीनं आवळलेल्या. भाचा पोटावर झोपून आत कुठेतरी वायर ओढत होता. आम्हाला बघून त्यानं हात केला आणि म्हणाला, "मावशी, पाय सांभाळून, फेव्हिकॉल ओला आहे." बाकी स्वागत ताईनं मागच्या दारानं केलं.

या मुलांचं वेळापत्रक ऐकण्यासारखं आहे. दिवाळीच्या आदल्या रात्री वाड्यावाड्यांत नरकासुर उभे राहतात, बांबू, गवत आणि कागदाचे, छतापेक्षा उंच. पहाटे ते जाळतात. मग अंघोळ, पोहे, थोडी झोप, आणि उरलेले बांबू मोजायला हीच पोरं पुन्हा जमतात. नरक चतुर्दशीपासून पौर्णिमेपर्यंत जेमतेम पंधरवडा मिळतो. अभ्यास कधी करता, असं मी विचारलं तेव्हा भाच्यानं उत्तर दिलं नाही. ताईनं दिलं, पण स्वयंपाकघरातून आणि बरंच मोठ्यांदा.

मला खरी गंमत वाटली ती येणाऱ्या-जाणाऱ्यांची. फाटकाजवळून जाणारा एकही माणूस मत दिल्याशिवाय पुढे जात नव्हता. दूध घालणारा थांबला आणि म्हणाला, डोलकाठी उंच झाली, वाऱ्यानं लवंडणार. शेजारचे आजोबा काठी टेकत आले. त्यांनी नाळेकडे बराच वेळ पाहिलं. नाळ म्हणजे बोटीचं पुढचं टोक, ते पाण्यातून वर उचललेलं असायला हवं आणि इथे ते बसकं आहे, असं त्यांचं म्हणणं. पोरांनी हो हो केलं आणि आजोबांची पाठ वळल्यावर नाळ तशीच ठेवली. एक बाई कडेवर मूल घेऊन आली, तिनं शिडांचा रंग नापसंत केला. तिच्या माहेरच्या वाड्यातही बोट होत होती, त्यामुळे तिचं मत कुणी मनावर घेतलं नाही. पलीकडच्या वाड्यातला एक मुलगा मात्र उगाचच सायकलवरून तीनदा गेला. तो हेर आहे यावर सगळ्यांचं एकमत होतं आणि तो दिसला की बोटीवर चादर पडत होती.

भावोजींना यातलं काहीच फारसं पटत नाही. त्यांच्या लहानपणी केळीच्या सोपटाच्या होड्या करायच्या, त्यात पणती ठेवायची आणि सोडून द्यायच्या. "त्यांना बॅटरी लागत नव्हती," ते म्हणाले. पुठ्ठा तरी ठीक, थर्माकोलवर त्यांचा विशेष राग, कारण दुसऱ्या दिवशी त्याचे पांढरे दाणे नदीकाठच्या गवतात अडकलेले ते स्वतः बघतात. भाच्याच्या बोटीत थर्माकोल नव्हतं ते त्यांच्याच धाकामुळे. मला भावोजींचं म्हणणं पटतं. पण खरं सांगायचं तर रात्री काठावर उभी राहिले तेव्हा माझी मानही मोठ्या जहाजांकडेच वळत होती, पणत्यांकडे नाही.

मधला वेळ आम्ही हरवळ्याला घालवला. धबधबा, रुद्रेश्वर, पांडवांची म्हणतात ती लेणी, परतताना साखळीचं दत्त मंदिर. सगळं छान आहे. धबधब्याजवळ रील काढणाऱ्यांची रांग लागली होती, त्यामुळे आम्ही धबधब्यापेक्षा त्यांच्या पाठी जास्त पाहिल्या.

संध्याकाळी बोट निघाली. पडवीतून काढताना डोलकाठी तुळईला अडली. दूधवाला तिथे नव्हता म्हणून बरं. डोलकाठी काढली, बोट बाहेर आणली, पुन्हा बसवली. छोट्या टेम्पोत ती मावेना, म्हणून पोरांनी खांद्यावर घेतली आणि आम्ही मागून बॅटरी, सुतळी, चिकटपट्टी आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन चाललो. वाटेत दुसऱ्या वाड्यांच्या बोटी भेटल्या. विमानवाहू जहाज, हंसाच्या तोंडाची नाव, मंदिराचा कळस असलेली एक, आणि धूर सोडणारी एक आगबोट, जिचा धूर नेमका आमच्या नाकात गेला. सगळे एकमेकांच्या बोटींकडे न बघितल्यासारखं करून नीट बघत होते.

नदीकाठी माणसांचा समुद्र होता. साखळीला समुद्र नाही म्हणाले होते ते मागे घेते. खाज्यांचे ढीग, चणे, मिरची भजी, फुगे, मंचावर कार्यक्रम आणि त्यानंतर भाषणं. भाषणं सुरू झाली तशी भज्यांच्या गाड्याभोवती गर्दी वाढली. मी आलं घातलेली खाजी घेतली आणि कागद संपेपर्यंत कुणाला दिली नाहीत.

मग त्रिपुरासुराचा वध. पुराणातल्या गोष्टीत सोन्याची, रुप्याची आणि लोखंडाची अशी तीन नगरं असतात आणि शंकर ती एका बाणात जाळतो. इथे मला आवडला तो असुर. तोंड रंगवलेला, मुकुट घातलेला, आरोळ्या ठोकत फिरणारा. लहान मुलं किंचाळत आईमागे लपत होती आणि पुन्हा बाहेर येऊन त्याला डिवचत होती. देवाला लोकांनी नमस्कार केला, टाळ्या मात्र असुराला दिल्या. गोव्यात गावोगावी देवळांच्या मांडवांत नाटकं होतात, त्यामुळे नट कसा आहे हे लोकांना चटकन कळतं.

असुर पडला आणि बोटी पाण्यात उतरू लागल्या. इथून पुढे मला काठावरच्या गर्दीचा राग येत गेला. पहिल्या दोन-तीन रांगांनी फोन वर धरले. मागच्यांना नदी दिसत नव्हती, पुढच्यांच्या पडद्यावर चालू असलेली नदी दिसत होती. माझ्यासमोरच्या गृहस्थांनी तर फोन काठीवर लावला होता. मी दोनदा "अहो" म्हटलं, तिसऱ्यांदा खांद्यावर थाप मारली. त्यांनी वळून मला फोनमध्येच घेतलं. शेवटी ताई मला दंडाला धरून खाली, अगदी पाण्याच्या कडेला घेऊन गेली. बोट बनवणाऱ्यांच्या घरच्यांचा तिथे उभं राहायचा हक्क असतो, असं तिनं वाटेत प्रत्येकाला सांगितलं आणि प्रत्येकानं ते मान्य केलं.

तिथून दिसलं ते वरून दिसणं शक्य नव्हतं. प्रत्येक जहाजाभोवती चार-पाच पोरं छातीभर पाण्यात उभी. नोव्हेंबरच्या रात्रीचं पाणी, ओठ निळे, आणि तरी एकही बाहेर यायला तयार नाही. एक जण नाळ धरतो, एक मागून ढकलतो, बाकीचे बोट परीक्षकांकडे तोंड करून राहील असं बघतात आणि स्वतः तिच्या आड दडतात, म्हणजे ती आपली आपण तरंगते आहे असं वाटावं. विमानवाहू जहाज झकास गेलं. हंसाची मान थोडी हलत होती आणि ती हलते म्हणूनच खरी वाटत होती. मधून मधून पणत्यांच्या लहान होड्या वाट चुकून मोठ्या जहाजांच्या पोटाखाली शिरत होत्या.

मग आमचं गलबत. पाण्यात ठेवलं, दिवे लागले, शिडं उजळली आणि ताई "बाई गं" म्हणाली. लगेच ते डावीकडे कललं.

"कलली, कलली!" काठ ओरडला. त्यानंतर जे सुरू झालं ते मी आयुष्यात विसरणार नाही. शेकडो माणसं एकदम सल्ले देऊ लागली. "उजवीकडे वाळू घाला!" "वाळू नको, दगड!" "दगड कसले, ट्यूब उतरली असेल, तोंडानं भरा!" "बॅटरी कुठाय? बॅटरी डावीकडे ठेवली असणार!" हा शेवटचा आवाज पलीकडच्या वाड्यातल्या सायकलवाल्याचा होता. हेरगिरी फुकट गेली नव्हती. बॅटरी खरंच डावीकडे होती.

भाचा अर्धा बोटीत शिरला. पोरांनी त्याचे पाय धरले. तो बॅटरी मधोमध सरकवू लागला आणि वायर निसटली. काळोख. परीक्षक वह्या घेऊन नेमके तेव्हाच समोर आले. त्यांनी आमच्या बोटीच्या दिशेनं पाहिलं, एकानं टॉर्चही मारला, आणि ते पुढे गेले. ताईनं माझा हात इतका घट्ट दाबला की बांगडी रुतली. ते दोन बोटी पुढे गेल्यावर दिवे लागले. बोट सरळ उभी, दोन्ही शिडं झगमगत, पाण्यात तिची अख्खी सावली. काठावरच्यांनी शिट्ट्या वाजवल्या, टाळ्या दिल्या, सायकलवाल्यानंही दिल्या. भाच्यानं मात्र काठाकडे बघितलंच नाही. तो परीक्षकांच्या पाठीकडे बघत होता.

नंबर आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलात भाजी-पाव खायला गेलो. पातळ भाजी, सुकी भाजी, वर मिरची. टेबलाटेबलावर निकालाचीच चर्चा. पहिला नंबर बरोबर की दुसरा बरोबर यावर दोन तट पडलेले. एकाचं म्हणणं, आगबोटीचा धूर म्हणजे नुसती शोबाजी. दुसऱ्याचं म्हणणं, धूर काढून दाखव मग बोल. गल्ल्यावरच्या मालकांनी पैसे घेता घेता भावोजींना विचारलं, "तुमची बॅटरी कोणी बसवली होती?" म्हणजे बातमी आमच्या आधी हॉटेलात पोचली होती. भावोजी म्हणाले, "सोपटाच्या होड्यांना बॅटरी लागत नाही." मालक म्हणाले, "ते तुम्ही दरवर्षी सांगता."

भाचा दुपारी उठला. बोलला नाही, जेवला मात्र भरपूर. मग पडवीत जाऊन गलबताच्या पोटात हात घालून बसला. मी समजूत काढायला गेले, तर त्यानं मला बॅटरीच्या खोबणीची मापं दाखवली आणि खोबण मधोमध करायची तर सांगाडा आधीपासूनच वेगळा बांधावा लागतो, हे पाऊण तास समजावलं. मला अर्धंही कळलं नाही. आमचे हे मात्र गंभीरपणे मान हलवत होते आणि मध्येच म्हणाले, "पण नाळ जरा बसकी नाही का?" भाच्यानं त्यांच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्या नजरेनं त्यानं शेजारच्या आजोबांकडेसुद्धा पाहिलं नव्हतं.

आम्ही निघालो तेव्हा ताई फाटकात उभी राहून आम्हाला निरोप आणि आतल्या माणसांना दम एकाच वेळी देत होती. गेल्या वर्षीचं जहाज अजून माडीवर आहे, त्याच्या आधीचं गोठ्यात आहे, गाय विकावी लागली तरी जहाज हललं नाही, आणि आता हे तिसरं पडवीत ठेवलं तर पाहुण्यांनी कायम मागच्या दारानंच यायचं का? आतून भाच्याचा आवाज आला, "आई, शिडं काढून ठेवली तर कपाटामागे मावेल." ताईनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "ऐकलंस? आता कपाट."